इच्चवाचं बारसं

वैद्य सर इच्चवाचं नाव घ्यायचं झालं की मान वाकडी करायचे. आपलं साधं 'इच्चू' म्हनताना न्हाई, त्याचं ते लांबलचक इंग्रजी नाव घेताना. उजव्या खांद्याकडं मान कलती करायची, नाव घ्यायचं, मान सरळ करायची आन् पुढं वाचायचं. मला वाटलं, मानंत वारं भरलंय. चार दिस मी तेल गरम करून वाटीत ठेवलं. सर म्हनले, "बायडाबाई, हे कशाला?" म्हनलं, "मानंला." तवा हसले. म्हनले, "अहो, प्राण्याचं नाव छापताना तिरक्या अक्षरात छापतात. बाकी सगळं सरळ. वाचताना चूक राहू नये म्हणून मी नावापुरती मान कलती करतो. आणि ते इंग्रजी नाही, लॅटिन."

तेल वाया घालवलं न्हाई त्यांनी. कपाटाच्या बिजागरीला घातलं.

मी जतंकडची. मेंढरं राखनाऱ्या घरातली. शाळा दुसरीपतुर, ती बी मास्तर आला तर. मालक मेंढरांमागं गेले ते परमुलखात तापानं गेले. कळप इकला, पोरगीला घेतलं आन् कराडात आले. चार घरच्या भाकरी थापल्या, पोरीचं लगीन क्येलं. रडाय सवड मिळाली न्हाई, पुढं सवड मिळाली तर रडू आलं न्हाई. गुडघे दुखाय लागल्यावर बाकीची घरं सोडली. वैद्य सरांचं एक ऱ्हायलं.

सर कॉलेजात जनावरांचा इषय शिकवायचे. लगीन क्येलं न्हाई. रिटायर झाल्यावर बी इच्चू सुटला न्हाई. भिंतीच्या कपाटात बाटल्या, बाटलीत स्पिरीट, स्पिरिटात इच्चू. पयल्या दिशी मी इचारलं, "लोनच्याची बरनी कुठं ठिवू?" सरांनी इच्चवाखालची फळी दावली. मी बरनीवर चिठ्ठी लावा म्हनलं, तर त्यांनी लावली. काय लिवलं ते मला ठावं न्हाई, पर लय येळ लिवत हुते.

त्यांचं एक बोलनं ठरल्यालं. "असं पाठवता येणार नाही." कागूद वाचला की तेच. भाकरीची कड जरा फाटली की ताट जरा लांब सारायचे आन् म्हनायचे, "बायडाबाई, असं पाठवता येणार नाही." म्हनलं, "आवं, पाठवायची कुठं, खायची हाय." मंग खायचे.

दारावर पाटी, 'वैद्य'. त्येच्यापायी मानसं फसायची. एकदा ऊसतोडीचा एक गडी आला, पायाला दोरी आवळल्याली, दोघांच्या खांद्यावर. इच्चू चावल्याला. सर घाबरेघुबरे झाले. "अहो, मी नुसता नावाचा वैद्य. आधी दवाखाना गाठा." सोता पळत जाऊन रिक्षा आनली, गड्याला बशीवला. रिक्षा सुटायच्या आत वाकून इचारलं, "विंचू कुठाय?"

"चपलंनं रगाडला, सर."

सरांचं तोंड आसं पडलं, की त्यो गडी कन्हत कन्हत म्हनला, "चुकलं, सर."

दोन दिसांनी गडी बरा हून आला आन् पाया पडला. सरांनी त्याला बसवून इच्चू कसा हुता ते सांगाय लावलं. तासभर. गडी म्हनला, चावला तवा बरा हुता.

आता मुल्ला सरांचं सांगते, त्येच्याबिगार वैद्य सर कळायचे न्हाईत. दोघं एकाच कॉलेजात हुते. मुल्ला सर मिरजंचे. रिटायर झाल्यावर गावी गेले, पर दर आईतवारी सकाळच्या गाडीनं कराडला यायचे. खाली फरशीवर कागदं पसरायची, दोन्ही बाजूनी दोघं पालथं पडायचं. मला झाडायला जागा न्हाई. काम एकच. एका नव्या इच्चवावर लेख लिवायचा आन् परदेशातल्या मासिकाला धाडायचा. एवढ्याशा जिवावर केवढी कागदं, माझ्या सगळ्या जल्माला लागली नसतील. त्याच्या पोटाखाली कंगव्यावानी काय अस्तंय, त्याचे दात मोजायचे. सर एक आकडा सांगायचे, मुल्ला सर दुसरा.

"मुल्ला, डोळे तपासून घ्या."

"तपासलेत, वैद्य. विंचवाचाच दात पडलाय."

इच्चू घावला त्यो बी मुल्ला सरांस्नीच. पाटनच्या वरच्या पठारावर दोघं हिंडत हुते. मुल्ला सर जरा आडोशाला गेले, आन् म्होरं दगडाच्या कडंला ह्यो बसल्याला. कुनाच्या वळखीचा न्हाई. सरांनी लेखात लिवलं, दगडाखाली आढळला. मुल्ला सर म्हनले, "खरं लिहा की. लघवीला गेलो असता आढळला." सर म्हनले, "असं पाठवता येणार नाही." मी आत भाकरी थापताना हसले, पीठ नाकात गेलं.

दोन वर्सांमागं, गनपती झाल्यावर, मुल्ला सर गेले. साखर हुती, मंग काळीज. सरांच्या संगं मी बी मिरजंला गेले, मुल्ला सरांच्या बायकोपाशी, भाभींपाशी, बसले. सर कबरस्तानातनं आले ते दुसऱ्याच कुनाच्या चपला घालून.

तवापास्नं मुल्ला सर गेले ह्ये सरांच्या तोंडातनं मी ऐकलं न्हाई. कुनी इचारलं, "मुल्ला सर दिसत न्हाईत हल्ली?" तर सर म्हनायचे, "हल्ली मिरजेलाच असतात." आता ह्ये खोटं तरी कसं म्हनायचं.

आन् लेख तर हून बसल्याला. मुल्ला सर असतानाच झाल्याला. तरी सर त्याला सोडंनात. सोमवारी एक स्वल्पविराम काढायचे, मंगळवारी त्योच परत घालायचे. आईतवारी सगळा लेख नव्यानं छापून फरशीवर पसरायचे, आन् एका बाजूला पालथं पडायचे. दुसरी बाजू मला झाडाय मोकळी. मी झाडायची न्हाई. कॉलेजातली मानसं हसायची, सरांचा विंचू म्हातारा झाला म्हनायची. मला बी कट्टाळा आला. कागद उचला, कागद ठिवा. मला वाटायचं, मानूस चिकट हाय, दुसरं काय.

मंग एक दिस पुन्याचा फोन आला. सरांस्नी कमी ऐकू येतंय, म्हनून फोन मोठ्यानं लावत्यात. तिकडनं एक बाई बोलत हुती. तरनी असंल, पर बोलायला लय नीट.

"सर, त्या पठारावरचा विंचू आम्हालाही मिळालाय. आमचा लेख महिनाअखेरीला जातोय. तुमचा गेला असेल ना?"

"गेला नाही," सर म्हनले.

"मग पाठवा ना, सर. मला तुमच्या पुढं जायचं नाहीये. पण माझे गाईड थांबणार नाहीत."

फोन ठिवल्यावर मी इचारलं, काय झालं. सरांनी समजावून सांगितलं. इच्चवाचं बारसं एकदाच हुतंय. ज्याचा लेख आधी छापून यील, त्यानं ठेवल्यालं नाव जगभर चालतंय. मागनं येनाऱ्याचं काम फुकाट. म्हंजी पुन्याच्या मानसांचं आधी छापलं, तर मुल्ला सरांस्नी इच्चू घावलाच न्हाई आसं हुनार.

"मंग धाडा की," मी म्हनलं.

सर कंप्युटरच्या मशीनपुढं बसले. भाकरी गार झाली तरी उठंनात. मी जाऊन हुभी ऱ्हायले तर पडदा हाय तसाच. शेवटाला सरांनी पेपरच्या कडंला पेनानं काढून दावलं. एक हुबी रेघ, तिच्यावर एक आडवी.

"दोघा लेखकांतला एक नसेल, तर त्याच्या नावावर ही खूण करायची आणि खाली अर्थ लिहायचा. त्या मासिकाचा नियम आहे."

"ह्यो तर क्रूस हाय, सर."

"तेच म्हणतोय मी. मुल्ला मुसलमान माणूस. त्याच्या नावावर क्रूस काढायचा? असं पाठवता येणार नाही."

तवा माझ्या ध्यानात आलं. दोन वर्सं ह्यो मानूस स्वल्पविरामात अडकल्याला नव्हता.

मी म्हनलं, "सर, रेशनकारडावर माझ्या मालकाच्या नावावर हापिसातल्या मानसानं रेघ वढली तवा मी खिडकीत हुभी हुते आन् मला बी वाटलं की त्याचा हात धरावा पर रेघंखालचं नाव आजून वाचता येतंय बगा."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हनले, "वाक्य लांब झालं, बायडाबाई. दोन करा." आन् चष्मा पुसाय लागले. लय येळ पुसला.

"भाभीस्नी इचारू या," मी म्हनलं. "नाव त्यांच्या मालकाचं हाय."

दुसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं मिरजंला गेलो. सर वाटंत खिडकीकडं तोंड करून बसल्याले. भाभींनी च्या क्येला, खारी ठेवली. सरांनी बोलाय सुरवात क्येली ती थांबंनात. क्रूस कुठनं आला, छापखान्यात कवापास्नं आला, दुसऱ्या धरमाच्या मानसाला त्यो कसा लावावा, कुनाला पत्र धाडून इचारावं. च्यावर साय आली. भाभी गप ऐकत हुत्या. सगळं झाल्यावर म्हनल्या, "ते असते तर हसले असते, सर. म्हणाले असते, वैद्यांना साधी बेरजेची खूण कळेना."

सर जरा हसले.

मंग भाभी म्हनल्या, "क्रूसाचं काय नाही, सर. मला रोज सकाळी उठून मानावं लागतं, की ते गेले. तुम्ही एकदा माना."

सरांनी कप उचलून च्या प्यायला, गार झाल्याला.

"साखर जास्त झाली का?" भाभींनी इचारलं.

"नाही," सर म्हनले. "बरोबर आहे."

कराडला आल्यावर हातपाय बी न धुता मशीनपुढं बसले. ती खून त्या बटनांवर कुठं घावंना. हिकडं बघ, तिकडं बघ. शेवटी कुठल्यातरी चौकोनात बारक्या खुनांचा बाजार भरल्याला, त्यात घावली. मुल्ला सरांच्या नावाला ती चिकटली. इवलीशी. मुंगी बसल्यावानी. खाली सरांनी त्याचा अर्थ लिवला, एक शब्द. एकदा बी खोडला न्हाई. मंग बटन दाबलं. एवढ्या वर्सांचं काम, जाताना आवाज बी झाला न्हाई.

सरांनी पुन्याला फोन लावला.

"गेला," म्हनले.

"सुटले सर मी," ती बाई म्हनली. "आता आमच्या लेखात तुमच्या दोघांचं नाव घेऊ आम्ही."

फोन ठिवला. मी आत जाऊन डाळीखालचा गॅस पेटवला. भाईर सर खुर्चीत बसल्याले. जरा येळानं पुन्यांदा म्हनले, "गेला."

मी आतनंच म्हनलं, "व्हय, आत्ता सांगितलंसा की त्या बाईला."

"लेख नाही, बायडाबाई. मुल्ला. मुल्ला गेला."

मी गॅस बंद क्येला. डोईवर पदर घेतला, भाईर येऊन त्यांच्या म्होरं खाली बसले. आसं कुनी सांगितलं की जे इचारत्यात, तेच इचारलं.

"कवा वो, सर?"

आन् सरांनी पयल्यापास्नं सांगाय सुरवात क्येली.