सुभानजी वस्ताद बसोन बोलूं लागले त्याची हकीकत

श्रीबलभीम प्रसन्न असो, ऐकणारांचे हातपाय धड राहोत. शके सोळाशें शहाण्णव, जयनाम संवत्सर. ते समयीं एका राज्यांत थोर थोर पाठशाळा होत्या, आणि तेथें शास्त्राध्ययन चाले, परंतु लौकिक तो चेंडूचे खेळाचा. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा. तो एकानें फेंकावा, दुसऱ्यानें झेलोन काखेंत धरावा आणि पळावें, आणि प्रतिपक्षानें त्यास भुईवर पाडावें, ऐसा खेळ. दसऱ्याचे सामन्यास गांवेंच्या गांवें लोटत. टेकडीवरचे माथ्याचे पाठशाळेंत गड्यांस हा खेळ शिकविणार सुभानजी वस्ताद निगडे. अंगानें आडवे, आणि आवाज ऐसा कीं मैदानांतून हांक दिली तर टेकडीखालचीं गुरें माना वर करीत. वस्तादांस पालखी होती, इनाम गांव होतें; गड्यांस अन्न आणि विद्या, याउपर कांहीं नाहीं. एके शाळेचा गडी दुसरीकडे गेला तर त्यानें वर्षभर चेंडूस हात लावूं नये, ऐसा दंडक. म्हणोन कोणी जात नसे, आणि वस्तादांनीं पळा म्हटलें कीं पळावें, पडा म्हटलें कीं पडावें.

मग हुजुरांतून आज्ञापत्र आलें कीं, गड्यांचे जिवावर मैदानें भरतात, सबब गड्यांनीं मुशाहिरा, म्हणजे दरमहा वेतन, घ्यावा, आणि शिमगा जाहलियावर महिनाभर दरवाजा मोकळा, ज्यास जिकडे जाणें असेल त्यानें तिकडे जावें, अटकाव नाहीं, वर्षभराची बंदीही नाहीं. नदीकाठचे पाठशाळेस सावकारांचें पाठबळ. त्यांचीं माणसें मिठाई घेऊन माथ्यावर येऊं लागलीं, आणि गडी वळकट्या बांधूं लागले. कारभारी अनंत त्रिंबक घाबरे जाहले. वस्तादांस बोलावून म्हणाले, "बाकीचे गेले तरी चालेल, मानकोजी धायगुडे जातां कामा नये. तो गेला तर आपणही दुसरी जागा पाहावी." मानकोजी हा चेंडू फेंकणारा, त्याचे हातासारखा हात राज्यांत नव्हता.

वस्तादांस राग यावा, तो आला नाहीं, नवल वाटलें. कोणता गडी डावीकडे झुकतो, कोणाचा गुडघा पावसाळ्यांत ठणकतो, हें ते झोंपेंतही सांगत. परंतु हा जातो कां आणि तो राहतो कां, हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि तें जाणावें ऐसी हुरहूर लागली. मग त्यांणीं सर्वांस रांगेंत उभें करोन गर्जना केली, "कोणास काय पाहिजे तें बोला." कोणी बोललें नाहीं. घरीं येऊन हें सांगितलें, तों त्यांचे कुटुंब लाडूबाई हंसूं लागल्या. म्हणाल्या, "अहो, हें विचारणें कीं दरवडा घालणें? जवळ जाऊन बसावें, मग विचारावें."

दुसरे दिवशीं वस्ताद मैदानांत गड्यांमध्यें मांडी घालोन बसले, तों गडी दचकोन उभे राहिले. त्यांस हातीं धरोन बसविलें. मग एक म्हणाला, येथें नित्य भात, मज भाकरीवांचून पोट भरलें वाटत नाहीं. दुसरा म्हणाला, दोन हंगाम बसवून ठेविलें, आई विचारते तूं खेळतोस तरी कां. तिसरा धिप्पाड गडी लाजत लाजत म्हणाला, "मला जायचं नव्हतंच. पण नदीकाठचे लोक चालून माझ्या दारीं आले. आजवर कोणी आलं नव्हतं." हें ऐकोन वस्ताद थक्क जाहले, आणि मुदपाकांत भाकरी सुरू करविली, आणि कित्येक राहिले, कित्येक गेले.

मग मानकोजीपाशीं बसले. तो म्हणाला, "मुशाहिरा पाहिजेच, खोटं कशाला बोलूं. पण मी आलों तो बंधारे बांधायची विद्या शिकायला. आमचे गांवचा बंधारा दर पावसाळ्यांत फुटतो. ती विद्या शिकविणारे पंडित वारले, त्यांचे जागीं कोणी आलं नाहीं. नदीकाठीं तसे पंडित आहेत." वस्ताद म्हणाले, "इतकीं वर्षें बोलला नाहींस?" तो म्हणाला, "आपण पळा म्हणत होतां, मी पळत होतों."

वस्ताद कारभाऱ्यांकडे गेले आणि पंडित आणवावे म्हणोन विनविलें. कारभारी म्हणाले, "पंडितानें सामने जिंकले जात नाहींत. पुढले वर्षीं येताहेत ऐसें सांगावें. एक हंगाम निघेल." वस्ताद तेथोन निघाले. पालखी डोळ्यांपुढें आली, लाडूबाई डोळ्यांपुढें आल्या, आणि थाप सोपी होती. मानकोजी समोर आला, तेव्हां म्हणाले, "पंडित येत नाहींत. कारभारी म्हणाले, येताहेत ऐसें सांग, पण येत नाहींत. तूं जा." मानकोजीनें पाय धरिले, आणि तो गेला.

मग दरवाजांतून नवे गडी आले, कोणी कोठला, कोणी कोठला, आणि वस्तादांनीं प्रत्येकापाशीं आधीं बसावें, मग चेंडू हातीं द्यावा, ऐसा क्रम चालला. दसऱ्यास नदीकाठाशीं गांठ पडली. मानकोजी कोणते खांद्यानें हूल देतो हें वस्तादांनीं गड्यांस घोटून शिकविलें होतें, तेणेंकरून सांजेपर्यंत बरोबरी राहिली. मग मानकोजीनें हूल न देतां सरळ आभाळांत चेंडू फेंकिला, तो जाऊन झेलणाराचे हातांत विसावला, आणि माथा हरला. वस्ताद त्या चेंडूकडे पाहतच राहिले. मनांत आलें, हें यास मीं शिकविलें नाहीं, मग कोणीं शिकविलें?

कारभाऱ्यांनीं नवा वस्ताद आणावयाचा बेत केला. तें कळतांच तो धिप्पाड गडी सर्वांतर्फे सदरेवर गेला आणि नम्रपणें म्हणाला, "वस्ताद जाणार असतील तर शिमग्याला आम्हीही जाऊं म्हणतों. दरवाजा मोकळाच आहे." अनंत त्रिंबकांनीं तो बेत सोडिला. मग आपण होऊन वस्तादांचे घरीं आले, इकडचें तिकडचें बोलले, आणि शेवटीं म्हणाले, "सुभानजी, आपणांस काय पाहिजे?" वस्तादांनीं उत्तर द्यावयास तोंड उघडिलें, आणि कांहीं सुचेना. उभ्या जन्मांत हा प्रश्न त्यांस कोणीं केला नव्हता. म्हणाले, "विचार करोन उद्यां सांगतों."

येणेंप्रमाणें माथ्याचे पाठशाळेचें वर्तमान. सामना गेला, वस्ताद राहिले. गडी येत गेले, जात गेले, आणि दंडक नवा तो नवाच चालला. इति.