मेस्त्रीकाकांची तिसरी यादी

मेस्त्रीकाका कुणालाही पहिल्यांदा भेटले की नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत, नोकरी विचारत नाहीत. चष्मा नाकावर खाली ओढून ते एकच प्रश्न टाकतात, "घरचो काय हाडलेलो?"

मालवणीत हाडलेलो म्हणजे आणलेला, बाहेरून आलेला. काकांच्या हिशेबी जगात या दोनच जाती आहेत. एकदा मी त्यांना घाटकोपरला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "आ करा." काकांनी आधी आपला प्रश्न विचारला. डॉक्टर बिचारे साताऱ्याचे निघाले. "हाडलेलो," काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पण हात हलको दिसता." आणि मगच त्यांनी आ केला.

मलाही हा प्रश्न चुकला नव्हता. सहा वर्षांपूर्वी मी मेहकरहून विक्रोळीला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शाळेत शिक्षकाची नोकरी लागली होती, काकांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली होती आणि मी पत्र्याची ट्रंक ओढत जिना चढत होतो. काका जिन्यातच उभे होते. प्रश्न आला. मी मेहकर म्हणालो. "हाडलेलो," त्यांनी निकाल दिला आणि ट्रंकेची दुसरी कडी स्वतः उचलली. माझ्या खोलीत शेगडी येईपर्यंत मी तीन आठवडे त्यांच्याकडे जेवलो. बांगडा काट्यांतून कसा सोडवायचा हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते काकांनी शिकवलं.

मी आलो त्याच महिन्यात काकांची एकुलती एक मुलगी सुजाता गेली. आयर्लंडला, लिमरिक नावाच्या शहरात, नर्स म्हणून, दोन वर्षांच्या करारावर. काकी त्याच्या आधीच वारल्या होत्या. काका कारखान्यात फिटर होते, पण त्यांचा खरा जीव कबड्डीत. वसाहतीच्या मैदानावर त्यांनी कितीतरी मुलंमुली तयार केली आणि त्या सगळ्यांत त्यांचं सर्वांत आवडतं रोप म्हणजे सुजाता. तिची चढाई बघायला भांडुपहून माणसं यायची, असं काका सांगतात. "दोन वर्सांनी येतली," असंही तेव्हा ते सांगायचे. दोनाची तीन झाली, तिनाची सहा. सुजाता दर फोनवर "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायची. दाराशेजारच्या खिळ्यावर तिच्या जुन्या नी-कॅप टांगलेल्या होत्या. काका त्या दर महिन्याला धुऊन, वाळवून पुन्हा तिथेच टांगत. आल्यावर लागतील म्हणून.

आता रग्बीकडे येतो.

लिमरिकला सगळं गाव रग्बीवेडं आहे, असं सुजाताने एकदा फोनवर सांगितलं. काकांनी मला मोबाइलवर सामना लावायला सांगितला. दहा मिनिटं बघून म्हणाले, "हुतूतूच आसा. उगाच मधी एक बॉल घातल्यानी." त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला, बनियनवर, चहाचा कप हातात धरून, काका आदल्या सामन्यांची चित्रफीत बघायला लागले. नियम त्यांना अजूनही अर्धेच कळतात. बॉल मागेच फेकायचा, या नियमाचा त्यांना राग आहे. पण तिथल्या संघांत घरचा कोण आणि हाडलेला कोण, हे त्यांना पाठ झालं.

आयर्लंडचे चार प्रांत, चार संघ. बहुतेक गडी तिथल्याच शाळांमधून वर आलेले. काही न्यूझीलंडहून, काही दक्षिण आफ्रिकेहून, कुणी टोंगा नावाच्या बेटावरून आणलेले. आणि आणलेला गडी तिथे सलग पाच वर्षं राहिला, तर तो आयर्लंड देशासाठीसुद्धा खेळू शकतो. हा शेवटचा नियम काकांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग त्यांनी जुन्या कॅलेंडरची तीन पानं फाडली आणि पाठकोऱ्या बाजूला याद्या केल्या. घरच्यांची हिरव्या स्केचपेनाने. हाडलेल्यांची लाल. आणि ज्यांची पाच वर्षं भरत आली आहेत, त्यांची शिसपेन्सिलीने. टोंगाच्या एका गड्याचं नाव ओळीत मावेना, तेव्हा काकांनी त्याचं "तुकाराम" केलं. तिन्ही पानं भिंतीवर लागली. पेन्सिलीच्या यादीतला कुणी पाच वर्षं भरून पुढे सरकला, की काका ते नाव खोडून हिरव्या यादीत लिहायचे आणि त्या दिवशी इमारतीत सगळ्यांना चहा.

गेल्या हिवाळ्यात वसाहतीच्या कबड्डी मंडळाची सभा झाली. इतिवृत्त लिहायला मला नेहमीप्रमाणे बसवलं होतं. अध्यक्ष दळवी म्हणाले, "या वेळच्या स्पर्धेला आपण हरियाणाचा एक चढाईपटू आणू. समोरचे सगळे आणतायत, आपण काय दरवर्षी नुसत्या टाळ्या वाजवायच्या?"

काका हिरवं पान गुंडाळून घेऊनच आले होते. ते त्यांनी टेबलावर पसरलं.

"ह्या बग. थय आयर्लंडात रग्बीचो बोर्ड सांगता, ह्या जागेर आपलो पोरगो तयार होताहा, हय भायरचो हाडू नको. आमी मातर पोरांका बाकड्यार बसवतलंव. बाकड्यार बसान खेळ येता?"

"काका, आयर्लंड कुठे, विक्रोळी कुठे, यार!"

"पोरगो तो पोरगोच मा रे मेल्या!"

ठराव सात विरुद्ध एक असा मंजूर झाला. आपला "नाय" इतिवृत्तात मोठ्या अक्षरांत लिहावा, असा काकांचा आग्रह होता. मी लिहिला.

जगबीर आला. सहा फूट उंच, बोलायला लाजाळू. मंडळाच्या खोलीत त्याची राहायची सोय केली. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना बघतो तर काका डबा घेऊन त्या खोलीत शिरताहेत. मी मागोमाग गेलो. आत काका कमरेवर हात ठेवून हिंदीत विचारत होते, "मच्छी नहीं खाता? तो फिर जीता कैसे है रे?" दुसऱ्या दिवसापासून डब्यात वांग्याची भाजी जायला लागली. ज्या माणसाने आयुष्यात श्रावण सोडून वांगं शिजवलं नाही, तो आठवडाभर वांगी चिरत होता.

"काका, तुमचा तर विरोध होता," मी म्हणालो.

"इरोध तेका हाडूक होतो. हाडलेल्या माणसाक जेवक घालूक नाय."

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत मला सुजाताचा फोन आला. ती एरवी मला कधी फोन करत नाही.

"दादा, माझा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला. पुढच्या महिन्यात शपथ आहे. मग आपला पासपोर्ट परत द्यावा लागणार." मग ती भराभर म्हणाली, "बाबांना मी नाही रे सांगू शकत. ते अजून माझ्या नी-कॅप धुतात ना?"

"धुतात."

"मग तूच सांग."

चार दिवस मी ते शब्द खिशात घेऊन फिरलो. रोज सकाळी काकांकडे चहा प्यायलो आणि रोज हवापाण्याच्या गप्पा मारून वर आलो. मुलांना निकाल सांगताना माझी जीभ अशी कधी अडखळली नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी उपांत्य सामना होता. मैदान भरलेलं. शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणाने मागे आणि सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई. या चढाईत गुण आणला नाही, तर चढाईपटू बाद. अर्थात जगबीरच गेला. त्याने डावीकडे पाय टाकला, कोपऱ्यातल्या रक्षकाने घोटा धरला आणि पाच जण त्याच्यावर पडले. सामना संपला.

मग सुरू झालं. "परत पाठवा याला!" "हरियाणाची गाडी किती वाजता आहे रे?" "वाट लावली!" जगबीर मॅटवरच गुडघा धरून, मान खाली घालून बसला होता.

आणि एका माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. मेस्त्रीकाका खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हलत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी धावत जाऊन खुर्ची धरली.

"चढाई बरी होती! पाय बरो घातलंस!" ते ओरडत होते.

दळवी वैतागले. "काका, तुम्हालाच तर तो नको होता!"

"तेव्हा नको होतो. आता आपली जर्सी घातल्यान हा मा? मगे?"

ते आणखी बराच वेळ एकटेच टाळ्या वाजवत राहिले. अखेर मागच्या रांगेतल्या मुली, काकांच्याच शिष्या, वाजवायला लागल्या. मग आणखी काही जण. जगबीर उठून लंगडत खोलीकडे गेला.

मी काकांना घरी आणलं. ते दमले होते. पाणी पिऊन म्हणाले, "मास्तर, तुका काय वाटता, मी सकाळी उठान मॅच बगतंय?"

"मग काय बघता?"

"हाडलेल्या माणसाच्या हातातसून बॉल सुटलो, की थयली माणसा काय करतत, ता बगतंय." त्यांनी फोन उगाच हातात फिरवला. "बोंब मारतत काय, परत जा म्हणतत काय. सुजाता फोनार सगळा बराच सांगता. तिच्या हातसून कायतरी चुकला, तर तिका कोण काय बोलता, ता माका कोण सांगतला? म्हणान मी बगतंय."

"आणि काय करतात?"

"कदी कदी बोंबलतत. पण बरेचदा टाळ्ये मारतत."

आता न सांगणं म्हणजे खोटं बोलण्यासारखं झालं असतं. मी सांगितलं. अर्ज, शपथ, पासपोर्ट, सगळं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो.

काका उठले आणि त्यांनी भिंतीवरचं तिसरं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. पेन्सिलीची यादी. रोज सकाळी मी त्या पानासमोर बसून चहा पीत आलो होतो, पण कधी खालपर्यंत वाचलं नव्हतं. अगदी शेवटी, टोंगाच्या तुकारामाच्याही खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं: सुजाता शां. मेस्त्री, लिमरिक. पुढे पाच उभ्या रेघा. पाचवी रेघ जुनी दिसत होती.

"पाच वर्सा कदीच भरली," काका म्हणाले. "मी वाट बगी होतंय, कोण सांगता ती."

त्यांनी पेन्सिलीचं नाव खोडलं. हिरव्या पेनाचं टोपण काढलं, घरच्यांच्या यादीत सगळ्यांत वर थोडी जागा होती, तिथे मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं. एकही काना-मात्रा चुकली नाही. शाई वाळावी म्हणून त्यांनी पानावर फुंकर घातली.

"आता तिका थयसून कोण परत धाडूचो नाय," ते म्हणाले.

  या वेळी ते इमारतीला चहा द्यायचंही विसरले.

थोड्या वेळाने काका दारापाशी गेले. खिळ्यावरच्या नी-कॅप त्यांनी काढल्या, झटकल्या, ताणून बघितल्या. रबर अजून चांगला होता.

"जगबीराचो गुडघो सोललोहा. तेका बसतीत ह्ये," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "चल मास्तर, डबो तू घे. वांग्याची भाजी कढयेत आसा."