वाफेचा लेखी खुलासा

वॉर्ड ऑफिसातून आलेल्या पत्राला लक्ष्मीकांतांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि आज शेवटचा, पंधरावा दिवस होता!

"अंगणात सुका पाला जाळल्याची तक्रार आहे. उघड्यावर जाळायला बंदी आहे. लेखी खुलासा करा, नाहीतर दंड भरा." पाला त्यांनी खरंच जाळला होता. एकदाच! पण ज्यांनी जन्मात वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नाही, त्यांना दंड म्हणजे फाशीच की!

"यापुढे आपल्या अंगणात काडीसुद्धा पेटणार नाही," असं त्यांनी राजलक्ष्मीबाईंना छातीठोकपणे सांगितलं. खतावरची तीन पुस्तकं वाचून शिसवीचा पाला, शेण आणि भाजीची देठं यांचा कमरेएवढा ढीगही रचला. खुलासा मात्र जमेना. पहिल्या मसुद्यात त्यांनी इतकी माफी मागितली, की ग्वाल्हेरचा सगळा धूर त्यांचाच वाटावा. दुसरा इतका ताठ झाला, की वाचून स्वतःच घाबरले!

"अहो, अकरा कागद झाले," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "एवढ्या वेळात माझी आई माझं लग्न ठरवून मोकळी झाली होती!"

आज सकाळी थंडी मी म्हणत होती. खताचा ढीग आतून चांगलाच तापला होता आणि किटलीसारखा वाफा सोडत होता. शेजारच्या विजयाबाई गच्चीवरून ओरडल्या, "लक्ष्मीकांतराव, आग! मी दमकलला फोन केलाय!"

"अहो, ती वाफ आहे..."

त्यांचा आवाज मुळातच वाचनालयातला. तो भिंतीपलीकडे गेलाच नाही!

घंटा वाजवत बंब गल्लीत शिरला. मागोमाग मोटारसायकलवरून वॉर्डाचे इन्स्पेक्टर विक्रमसिंह आले. "काका, नोटिस का जवाब नहीं, और ऊपर से फिर आग?"

"पानी छोड़ दूँ, साहब?" जवानानं नळीचं तोंड ढिगाकडे वळवलं.

आता ढीगही जाणार आणि दंडही बसणार! लक्ष्मीकांत धावले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात ढिगात खुपसला.

"थांबा!"

कौलांवरची कबुतरं उडाली. राजलक्ष्मीबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच हा आवाज ऐकला!

"आग होती, तो ये हाथ बचता क्या? छूकर देखिए!"

विक्रमसिंहांनी भीतभीत बोटं घातली. मग पंजा. मग डोळे मिटून मनगटापर्यंत हात. "अरे वाह! ये तो रजाई है!"

"आग नहीं, साहब. जीवाणू पत्ते खा रहे हैं." पुढची चार मिनिटं लक्ष्मीकांत एकदाही क्षमा न मागता बोलले! जवान नळी गुंडाळून हात शेकू लागले. विजयाबाईही खाली आल्या. "तक्रार मीच केली होती हो," त्या पुटपुटल्या. "आमच्याकडेही असा एक ढीग लावून द्या ना. माझे गुडघे फार दुखतात."

"काका, बस यही लिख के दो. मैं हाथोंहाथ ले जाता हूँ," विक्रमसिंह म्हणाले.

"पत्र टपालानं आलंय. उत्तरही टपालानंच जाईल!" आज लक्ष्मीकांत कुणाचं ऐकणार नव्हते. विक्रमसिंहांच्या डोळ्यांदेखत त्यांनी एकच ओळ लिहिली: 'पाला आता जाळत नाही, कुजवतो, दिसते ती वाफ.' मग इन्स्पेक्टरांच्याच मोटारसायकलवर मागे बसून ते ऐटीत नया बाजारच्या टपालपेटीपाशी उतरले.

पत्र अर्धं आत गेलं आणि थांबलं. 'विनम्र' लिहिलं का? 'कुजवतो' जरा उद्धट तर नाही ना? बोटं काही सुटेनात.

"काका, छोड़ दो!"

"एकदा वाचून..."

"मैंने पढ़ ली! मंज़ूर भी कर दी!"

लक्ष्मीकांतांनी डोळे गच्च मिटले आणि पत्र सोडलं.