चेटकिणीचा चार्ज

आमच्या आळीत एकदा घरोघरची माहिती लिहून घ्यायला एक तरुण मास्तर आला होता. द्वारकाबाईंच्या ओटीवर बसून त्यानं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि विचारलं, "व्यवसाय?"

"चेटकीण," द्वारकाबाई म्हणाल्या.

मास्तराचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी बसून भिजवलेले वाल सोलत होते, आणि अशा वेळी शेजारणीनं मान खाली घालून वाल सोलत राहावं हे मला अनुभवानं कळलं होतं.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी नर्स व्हते. त्यातनं रिटायर केलं. ह्यातनं करत नाय कोन."

बिचाऱ्यानं बराच विचार करून 'गृहिणी' असं लिहिलं, चहाला नको म्हणाला आणि पुढची दोन घरं गाळून नदीच्या अंगानं निघून गेला.

मी रोह्याच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. जगात चेटकीण नसते, हडळ नसते, करणी-भानामती काही नसतं, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. आणि घरी यावं तर भिंतीला भिंत लावून चेटकीण! बरं, चेटकीण म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं द्वारकाबाईंकडे काहीच नाही. पाय सुलटे, त्यांत पांढरे कॅनव्हासचे बूट. केस विरळ, खोबरेल चोपडून बांधलेले. चष्म्याची एक काडी बँडेजच्या चिकटपट्टीनं जोडलेली. पण कुणी नवीन माणूस भेटलं की त्या नमस्काराआधी सांगणार, "चेटकिनीचा चार्ज माझ्याकडं हाय. घाबरायचं नाय, नीट वागायचं."

आळीनंही हे मान्य केलेलं. शाळेची मुलं त्यांच्या घरावरून श्वास रोखून पळतात. तान्ह्या बाळाची आई तिथं आली की पदर ओढून घेते. कुणाचं दूध नासलं, कुणाचा मिक्सर जळला की खापर द्वारकाबाईंच्या माथी. त्या कधी नाकारत नाहीत. मिक्सरबद्दल मी स्वतः विचारलं तर म्हणाल्या, "व्हय, मीच. काल जरा येळ व्हता."

आणि लावली जिनं, काढणारही तीच, या न्यायानं लोक दृष्ट काढायलाही त्यांच्याकडेच येतात. बाळ मात्र आणत नाहीत. फोटो दाखवतात. हल्ली तर व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पाटावर ठेवतात आणि द्वारकाबाई त्याच्यावरून मीठमोहरी उतरवतात. एकदा मोहरीचा दाणा चार्जिंगच्या भोकात गेला आणि फोन बंद पडला. फोनवाल्याच्या आईचा विश्वास त्या दिवसापासून दुप्पट झाला.

मोहरी उतरवताना त्या ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतात. न राहवून मी एकदा कान नेला. "रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण. रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण."

"अहो, ही तर स्टेशनं!"

"मग? मंतर कुठला आनू?"

"पण पेणलाच का थांबता?"

"माहेर हाय माझं. बाप मिठागरात व्हता. पेणच्या फुडं मी कधी उतरलेच नाय, तर मंतर कसा जाईल?" आणि लगेच त्या फोनमधल्या आईला दटावत, "दोन दिवसांत ताप गेला नाय तर डॉक्टरकडं ने. रक्त तपास. माझी हद्द पेणपातूर."

आमच्या दुपारी अशाच जायच्या. सकाळी वर धरणाचं पाणी सोडतात, ते रोह्यापर्यंत येईस्तोवर दमून जातं. दोनच्या सुमाराला कुंडलिका वाहते आहे की झोपली आहे ते समजत नाही. पलीकडच्या झाडांच्या सावल्या पाण्यात उतरतात, वालाची सालं सुपात साचत जातात, बोलता बोलता एखादीचा डोळा लागतो, आणि जाग आली तरी तेच ऊन तिथंच असतं. त्या ओटीवर बसलं की माझं सव्वीस वर्षांचं विज्ञान जरा सैल व्हायचं. म्हणजे मी चेटकिणीवर विश्वास ठेवायचे असं नाही. विश्वास न ठेवायची घाई राहायची नाही.

अशाच एका दुपारी पुण्याची एक मुलगी आली. कोलाडला नदीच्या धारेवरून रबरी होडीतून घसरायला आलेल्या मंडळींतली. काळी नखं, गळ्यात जांभळा दगड, झोळीत चित्रांचे पत्ते. रोह्यात खरीखुरी चेटकीण आहे असं हॉटेलवाल्यानं तिला सांगितलेलं.

"आजी, मीपण विच आहे," ती आनंदानं म्हणाली.

द्वारकाबाईंनी चष्मा वर ढकलून तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कोनाच्या बदली?"

"म्हणजे?"

"म्हंजे तू चेटकीन झालीस ती कोनाच्या जागी?"

"कुणाच्याच नाही. स्वतःसाठी. आम्ही पौर्णिमेला जमतो, मेणबत्त्या लावतो, मनातली भीती कागदावर लिहून जाळतो. खूप स्ट्रेंथ येते, आजी."

"येत आसंल गो. बरं हाय. आमच्या येळंला ही जागा हौशी नव्हती." त्यांनी तिला सोललेल्या वालाच्या वाटीभर डाळिंब्या बांधून दिल्या आणि उसळीत कोकम शेवटी घालायला सांगितलं. मुलगी गेल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "चांगली व्हती पोर. नखं तेवढी कापाय पायजेत."

'कोनाच्या बदली' हे काय, ते मी त्या दिवशी विचारलं. वाल सोलता सोलता, भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. द्वारकाबाई तेव्हा नोकरीत नव्या. कोलाडच्या अलीकडे डोंगराला लागून एक कातकरवाडी आहे. तिथं त्यांनी एका दिवशी सगळ्या लहान मुलांना ट्रिपलचं, म्हणजे त्रिगुणी लसीचं, इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायला गेल्या तर वाडी गोळा झालेली. सहा मुलं तापानं फणफणलेली. चेटूक कुणाचं ते शोधायला भगतानं तांदूळ मोजले होते आणि चेटकीण म्हणून हिरूचं नाव सांगितलं होतं. हिरू म्हणजे विशीतली विधवा, भावाच्या आसऱ्याला येऊन चार महिने झालेले. तिची मडकी अंगणात आणून ठेवली होती. तिला नदीपार घालवायचं ठरलं होतं, आणि एका-दोघांच्या हातात काठ्या होत्या.

"मी सांगितलं, आरे सुईनं ताप येतोच. चांगलं आसतं. एक दिवसात जातो. कोन ऐकतंय! भगताला इचारलं तर म्हनतो, बाई, तुमची सुई सुईच्या जागी. मग मी जाऊन हिरूशेजारी हुबी ऱ्हायले."

"आणि?"

"म्हनलं, ताप कवा आला? काल. काल वाडीत कोन आलं? मी. पोरांना टोचलं कोनी? मी. पोरं कोनाला बघून रडतात? मला. आता तुमीच सांगा चेटकीन कोन."

भगतानं पुन्हा तांदूळ मोजले. या खेपेला ते बरोबर निघाले.

हिला हाकलायची कशी हा वाडीपुढं मोठाच पेच पडला. सरकारी चेटकीण! जिल्ह्याहून ऑर्डर आणायला हवी. द्वारकाबाईंनीच तोड काढली: पोरांना सोडते, पण पुढच्या डोसाला एकही पोर लपवलं तर बघा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यांची कीर्ती पंचक्रोशीत पक्की झाली. त्या वाडीतलं एकही मूल पुढं लसीवाचून राहिलं नाही. वरच्या साहेबांनी त्यांना बोलावून इतकं यश कसं मिळालं ते विचारलं होतं म्हणे. त्यांनी 'घरोघरी भेटी' असं लिहून दिलं.

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली ना. पन माझ्याकडं पगार व्हता, क्वार्टर व्हतं. तिच्याकडं मडकी."

"पण आता किती वर्षं झाली! आता सांगून टाका ना सगळ्यांना, की मी चेटकीण नाही."

त्यांनी सुपातली सालं एका कडेला सारली. "मास्तरनी, गावाला एक लागतेच गो. जागा रिकामी दिसली की पयली जी एकटी बाय दिसंल तिला बसवतात. परवा त्या वाडीत एकाची म्हस मेली. कोनीतरी हिरूकडं बघितलंनच. तर म्हातारे म्हनले, तिचं काय, चेटकीन तर रोह्यात बसलीय. कळलं?"

मला कळलं. आणखीही एक कळलं. हिरू बाजाराच्या दिवशी शेवळं, कंटोळी असल्या रानभाज्या घेऊन येते. द्वारकाबाई तिच्या पाटीपाशी कधी थांबत नाहीत, चेटकिणीनं तिच्याशी बोलणं बरं नव्हे म्हणून. त्या मला पाठवतात. भाजी नावाला. परत आले की प्रश्न सुरू: तिनं केसाला तेल लावलं होतं का, खोकत होती का, बरोबर कुणी होतं का. मीही हल्ली नीट बघून येते.

त्यांना स्वतःचं मूल नाही. नवरा लवकर गेला. आमच्या आळीतली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मली, आणि त्याच माणसांच्या घरची बारशी त्या खिडकीत बसून ऐकतात.

गेल्या मार्गशीर्षात माझी लेक बाळंत झाली. मुलगी. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. मी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आळीतल्या प्रत्येक घरी आमंत्रण दिलं आणि द्वारकाबाईंच्या दारावरून पुढे गेले. व्याही काय म्हणतील, असं मनाशी म्हटलं. खरं सांगते, व्याह्यांचं निमित्त होतं. भीती माझीच होती. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईची. ते आठवलं की अजून लाज वाटते.

पाळण्याची गाणी त्यांनी भिंतीपलीकडून ऐकली असणार. चार दिवस मी ओटीवर गेले नाही. पाचव्या दिवशी दुपारी लेक झोपली होती. मी नातीला दुपट्यात गुंडाळलं आणि त्यांच्या घरात शिरले.

"कशाला आनलंस?" त्या उठल्याच. आधी दाराला कडी घातली. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, वॉर्डात धुवावेत तसे, बोटांच्या बेचक्यांसकट. पुसून कोरडे केले, एकमेकांवर चोळून गरम केले. आणि मग पुढे केले.

बाळ दोन्ही तळव्यांवर तोलून म्हणाल्या, "दोन किलो आठशे. दूध अंगाला लागतंय." मग भिंतीला टेकून बसल्या. खिडकीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या, त्यांतली एक बाळाच्या कपाळावर पडली, ती त्यांनी हातानं झाकली. किती वेळ गेला कोण जाणे. नाक तिच्या टाळूला लावून त्या नुसत्या बसल्या होत्या.

"रिटायर झाल्यापास्नं पयलंच," त्या म्हणाल्या.

मला रडू आवरेना. "चुकले मी, बाई. बोलवायला हवं होतं तुम्हाला." मी उठले, दाराकडे गेले. बघू दे म्हटलं सगळ्या आळीला.

"कडी काढू नको!" त्या एवढ्या घाबरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "माझ्या मांडीवर पोर आशी सुखानं झोपलेली दिसली तर माझी काय वट ऱ्हायली? उद्या वाडीत कळंल म्हातारी खोटी व्हती. मग हिरूनं कुठं जायाचं?"

मी कडीवरचा हात काढला.

"डोस कवा हाय?"

"दीड महिन्याची झाली की."

"तवा ताप येईल एक दिवस. तो माझ्या नावावर घाल. इसरू नको."

आणखी थोडा वेळ त्यांनी तिला धरून ठेवलं. मग स्वतःच उठून माझ्या हातात दिली, दुपट्याचं टोक नीट खोचलं आणि अंधाऱ्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

मी बाहेर आले. समोर कुंदावहिनी पापड वाळत घालत होत्या. त्यांचा हात तिथंच राहिला. "अगो, पोरीला घेऊन तिच्याकडं गेलतीस? काय केलंन तिनं?"

दार माझ्यामागे अजून लागलं नव्हतं. त्या आतून ऐकत होत्या.

"चुकलंच माझं, वहिनी," मी आळीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. "चेटकीणच आहे हो ती. पोरीला एकदा मांडीवर घेतलं तर सोडतच नव्हती."