जेवणाची यादी

"माणसं जोडायची तर त्यांना एकत्र जेवायला बसवा," असं किशोर अहिरे छातीठोकपणे सांगत असे. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या दोन कंपन्या, एक अंबडची, एक सातपूरची, एक झाल्या आणि माणसांची मनं जुळवायचं काम अंबडचा एचआर म्हणून त्याच्या गळ्यात पडलं. तीन महिने झाले तरी कॅन्टीनमध्ये अंबडकर खिडकीकडे बसत, सातपूरकर पाण्याच्या टाकीकडे, आणि मधली टेबलं धूळ खात.

किशोरने रविवार मोडून यादी केली. एकाच कामाची दोन माणसं, एक इकडचं, एक तिकडचं, समोरासमोर. बोलायला विषय तरी हवा ना! सुरुवात स्वतःपासून केली: किशोर अहिरे आणि सातपूरच्या एचआर हर्षाली गांगुर्डे. सोमवारी यादी बोर्डावर लागली.

दुपारी कॅन्टीन भरलं, पण एकही डबा उघडेना. स्टोअरचा देवराम उठून आला. रोज चांदवडहून येणारा, निवृत्तीला चार वर्षं उरलेला माणूस.

"साहेब, माझ्यासमोर सातपूरचा स्टोअरवाला बसवला तुम्ही. दोघातलं कोन जानार, ते आजच सांगा. घरी सांगाया बरं पडल."

"अहो, कोणीच जाणार नाही. नुसतं जेवा."

"नुसतं जेवायला जोड्या कशाला लागत्यात?"

किशोरने खुर्चीवर उभं राहून सगळ्यांसमोर शपथ घेतली, की एकाचीही नोकरी जाणार नाही. तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली!

मंगळवारी त्याच्या टेबलावर अकरा निनावी चिठ्ठ्या आल्या. प्रत्येकीत समोरच्या माणसाची तक्रार. किशोरला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

बुधवारी मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन आला.

"तुमच्या यादीचा फोटो पाहिला. उत्तम काम! एका कामाला दोन माणसं कुठे आहेत, ते आम्ही दोन महिने शोधत होतो."

"सर, ती जेवणाची यादी आहे."

"असू दे. वरून सुरुवात करू. पहिल्या ओळीतलं एक नाव या महिन्यातच कमी होईल."

किशोर कॅन्टीनमध्ये आला, तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. समोरच्या खुर्चीवर हर्षाली बसली होती, डोळे लाल.

"बसा सर," ती म्हणाली. "शेपूची भाजी आहे. चालते ना?"

त्याने मान हलवली, पण घास काही उचलवेना. शेजारच्या टेबलावर देवराम बुक्कीने कांदा फोडत होता. अर्धा कांदा त्याने किशोरच्या डब्याच्या झाकणात ठेवला.

"कोनीच जानार नाय, साहेब," तो म्हणाला. "नुसतं जेवा."