‘शे’ आला का?

समस्त धुळेकर बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, येत्या शुक्रवारी सकाळी अकरापासून पुढील सूचना मिळेपर्यंत आमच्या गल्लीतील हिलालनाना यांचे मोटार रिवायंडिंगचे दुकान बंद राहील. ज्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळाल्या असतील त्यांनी धीर धरावा. ज्यांच्या अजून जळायच्या असतील त्यांनी त्या शनिवारी जाळाव्यात. कारण वैद्यकीय नाही, घरात लग्न नाही, सुतकही नाही. त्या दिवशी एक नवं गाणं येणार आहे आणि नानांना त्याची भीती वाटते.

ही सूचना मी माझ्या दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहिली होती. माझं चष्म्यांचं दुकान नानांच्या दुकानाला लागून आहे. मधे एक भिंत, आणि ती भिंतही अशी की पलीकडे नाना खोकले तर अलीकडे माझ्या फ्रेमा हलतात. नानांनी फळा वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "भो, थट्टा नका करू. आधीच पोटमा गोया उठेल शे."

पोटात गोळा उठला आहे, असं ते सांगत होते. नाना सोनगीरकडचे. माझ्याशी बोलताना अर्धं पुस्तकी मराठी, अर्धं अहिराणी. घाबरले की मात्र सगळं पुस्तक गळून पडतं आणि नुसती अहिराणी उरते. त्यामुळे त्यांची भीती मोजायला मला कधी मीटर लागला नाही.

आता हा माणूस भित्रा आहे असं कुणाला वाटेल, तर त्यानं एकदा नानांना काम करताना बघावं. तारेत वीज आहे का हे बघायला लोक टेस्टर लावतात. नाना बोटाची उलटी बाजू तारेला ओझरती लावतात आणि म्हणतात, "हं, शे." एकदा दुरुस्तीला आलेल्या मोटारीत साप निघाला. गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे, मी त्याच्याही पलीकडे, आणि नानांनी त्याला सांडशीत धरून नाल्यापर्यंत पोहोचवला. परत येऊन म्हणाले, "बिचाऱ्याला थंडावा पाहिजे होता."

असा हा माणूस साडेतीन मिनिटांच्या गाण्याला घाबरतो.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी मोटार टाकून चहाला गेला आणि मोबाइल नानांच्या टेबलावर विसरला. मोबाइल वाजला. रिंगटोन म्हणून त्यातून एक पोरगा धडाधडा बोलायला लागला:

"ऊन मना बाप शे, धूय मनी माय शे,
दखीसन चाल भो, फुफाटामा पाय शे!"

ऊन माझा बाप, धूळ माझी माय, बघून चाल, पाय फुफाट्यात आहे. नानांच्या हातातली तांब्याची तार तशीच राहिली. साठी जवळ आलेल्या या माणसानं यंत्रातून आजवर आलेली सगळी भाषा ऐकली होती, रेडिओची, टीव्हीची, बँकेच्या फोनवरच्या बाईची. आपली बोली यंत्रातून ऐकली ती पहिल्यांदा, आणि तीही अशी छाती काढून. शेतकरी परत आला तेव्हा नानांनी त्याला मोटारीचं काही विचारलंच नाही. "हाऊ कोन शे?" एवढंच विचारलं.

तो होता एमसी फुफाटा. एरंडोलकडचा पोरगा. "जळगाव जिल्ह्याचा असला तरी आपला," असं नानांनी मोठ्या मनानं जाहीर केलं आणि त्या दिवसापासून रिवायंडिंगच्या दुकानात हिप-हॉप सुरू झालं. गिऱ्हाइकं आधी बिचकली. मग एक जण म्हणाला, हे बोलणं आमच्या घरी फुकट ऐकतो, म्हातारी रागावली की. नाना म्हणाले, "बरोबर. फक्त म्हातारीला ठेका नसतो."

नानांचं संगीतशास्त्र मोटारीवर उभं आहे. चालू मोटारीच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग गेलं." गायकांनाही त्यांनी हाच न्याय लावला. एखाद्याचं गाणं ऐकून म्हणणार, "वाइंडिंग चांगलं, पण बेअरिंग आवाज करतंय." म्हणजे शब्द बरे, माणूस खोटा.

मी मुद्दाम डिवचायचो. "नाना, हे रॅप म्हणजे गाणं कसलं? त्यापेक्षा पॉप बरं. गोड तरी असतं."

"पॉप वाईट कोण म्हणतं?" नाना हातातलं काम न सोडता म्हणायचे. "पंखाही मोटारच आहे. उकाड्यात पंखाच लागतो. पण हिप-हॉप म्हणजे लोडवर चालणारी मोटार. दोनशे फुटांवरून पाणी वर आणते, म्हणून तिचा आवाज घोगरा. आता तुम्ही सांगा, विहिरीत पंखा सोडून चालेल का?"

मी माझ्या फ्रेमा पुसायला लागायचो.

पण प्रेम आलं की मागून भीती येतेच. फुफाटा गाजायला लागला, मुंबईला गेला आणि नानांची झोप उडाली. पोरगा बदलेल. त्याला कुणी सांगेल, हे 'शे' 'शे' काय लावलंय, कुणाला कळत नाही. आणि तो ते काढून टाकेल. अहिराणीतलं 'शे' म्हणजे 'आहे'. नानांचा सगळा जीव त्या एका अक्षरात अडकला. गाण्यात 'शे' आहे तोवर पोरगा आपला. ज्या दिवशी 'शे' नाही, त्या दिवशी तो गेला.

म्हणून नवं गाणं आलं की ते स्वतः ऐकत नाहीत. अजिबात नाही. शटर अर्धं खाली ओढतात, मला बोलावतात, कानात इअरफोन घालायला लावतात आणि वैद्यासारखं माझं मनगट धरून समोर बसतात. गाणं माझ्या कानात आणि घाम त्यांच्या कपाळावर. मी भुवई उडवली की त्यांचं बोट आवळतं. मी हसलो की सैल होतं. गाणं संपायच्या आधीच प्रश्न येतो, "'शे' उना का?" मी 'आला' म्हटलं की मग ते स्वतः ऐकतात, आणि पुढे महिनाभर गल्लीला ऐकवतात.

एकदा मला दुर्बुद्धी झाली. गाण्यात चांगले पाच 'शे' होते. मी तोंड पाडून म्हटलं, "गेला हो नाना. एकही नाही."

नानांनी माझं मनगट सोडलं, एका उघड्या मोटारीवर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. मी घाबरून खरं सांगितलं, तरी त्या दिवशी त्यांनी तार भरलेली मोटार उलटी फिरली. तीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भो, कशाचीही मस्करी करा. पण 'तो तोच शे ना' असं विचारलं, की खरं सांगत जा." मी त्यांच्या दुकानातल्या मीटरवर हात ठेवून शपथ घेतली. मीटरच्या मागे पाल राहते, तीही साक्षीदार.

त्या पालीबद्दल सांगायला हवं. ती, किंवा तिची आजी, तिथं वर्षानुवर्षं आहे. नानांची मुलगी हर्षा शाळेत असताना बापाचा डबा घेऊन यायची आणि पालीच्या भीतीनं उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून द्यायची. मी कितीदा म्हटलं, हाकला तिला. नाना म्हणतात, "जुनी शे आठे. राहू द्या इथेच."

हर्षा आता बंगळुरात इंजिनिअर आहे. हर्षाची आई जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे घरी नाना एकटेच. पोरगी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करते. आणि इथेही नानांची गंमत बघा, फोन वाजला की तो माझ्याकडे आणून देतात. "आधी तुम्ही बोला." मी विचारतो, जेवलीस का, पाऊस आहे का. नाना माझ्या तोंडाकडे बघत उभे. नंतर फोन पुढे केला की हातानं खूण करतात, दुकानात नाही म्हणून सांगा. मला वाटायचं, कामाचा माणूस, बोलायचा कंटाळा. मी त्यावरही चार विनोद केले होते.

तर तो शुक्रवार.

हा शुक्रवार भयंकर असण्याचं खास कारण होतं. आठवडाभर आधी बातमी आली की एमसी फुफाटानं नाव बदललं. आता तो नुसता 'एफ'. मी म्हटलं, "नाना, आगीतून निघाला आणि फुफाटाही सोडला." नाना हसले नाहीत. "नेमप्लेटच बदली टाकी," एवढं म्हणाले.

मोटारीच्या अंगावर पत्र्याची नेमप्लेट असते. कंपनी, हॉर्सपॉवर, नंबर. नाना आतली सगळी जळकी तार उपटून नवी भरतात, पण नेमप्लेटला हात लावत नाहीत. मला धीर द्यायची ही चांगली संधी वाटली. "अहो, तुम्हीच गिऱ्हाइकाला रोज सांगता ना? आतली तार सगळी नवी असली तरी मोटार तुमचीच म्हणून. मग पोरगाही तोच असेल."

"ते गिऱ्हाइकाला सांगतो," नाना म्हणाले. "गिऱ्हाइकाला धीर द्यावा लागतो. माले कोन दी?"

मला कोण देणार, असं त्यांनी विचारलं. 'मला' जाऊन 'माले' आलं होतं. मी ओळखलं, भीतीचा पारा चढलाय.

अकरा वाजता शटर अर्धं खाली आलं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी इअरफोन घातले. मनगट नानांच्या हातात. गाणं सुरू झालं. छान गाणं होतं. झुळझुळीत. पोरगा गात होता, चक्क सुरात. कुठल्याशा समुद्राबद्दल, कुणाच्यातरी केसांबद्दल, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. मी 'शे'ची वाट बघत होतो. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. नानांची नखं माझ्या मनगटात रुतायला लागली. गाणं संपलं. मी पुन्हा लावलं. कदाचित मागे कोरसमध्ये कुठे असेल, ठेक्याखाली दबलं असेल. फ्रेममधला स्क्रू जमिनीवर पडल्यावर शोधावा तसा मी ते अक्षर शोधत होतो. नव्हतं.

"'शे' उना का?"

मीटरमागून पाल चुकचुकली. शपथेची आठवण करून देत असावी.

"नाना," मी म्हटलं, "पंखा आहे. चांगला पंखा आहे."

त्यांना कळलं. त्यांनी मनगट सोडलं. चार बोटांचे चार लाल वळ तिथं उठले होते. नाना स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुसायला लागले. मग म्हणाले, "त्याचं चूक नाही. समुद्रावर 'शे' कोण समजणार?"

मी इअरफोन गुंडाळून ठेवले.

"हर्षाचंही चूक नाही."

मला संबंध लागेना. नाना मुठीकडेच बघत बोलत होते. "दोन वर्षांपूर्वी फोनवर मी विचारलं, कशी शे बेटा? तर म्हणाली, नाना, मी ठीक आहे. 'आहे' म्हणाली. बरोबरच आहे. दिवसभर ऑफिसात तेच बोलायचं, जिभेला वळण पडतं. पण भो, त्या दिवसापासून माझ्या हातानं फोन उचलवत नाही. पुन्हा 'आहे' म्हणाली तर? तुम्ही आधी बोलता, मी तुमच्या तोंडाकडे बघतो. एकदा तरी तुमच्या तोंडावर दिसेल, की 'शे' आला."

"अहो, माझ्याशी ती 'आहे'च बोलणार," मी म्हटलं. "मी परका माणूस."

"हं," नाना म्हणाले. "ते सुचलं नाही."

पावणेदोनला फोन वाजला. हर्षा. नानांनी सवयीनं माझ्याकडे केला आणि दोन पावलं मागे सरकले, साप बघून मी सरकलो होतो तसे. मी फोन घेतला आणि आयुष्यात एकदाच शहाणपणानं बोट मुद्दाम चुकीच्या बटणावर ठेवलं. स्पीकर लागला.

"काका, नाना आहेत का?"

नानांनी जोरात मान हलवली. नाही, नाही.

"आहेत," मी म्हटलं.

"मला माहीत आहे ते तिथेच असतात. त्यांचा श्वास ऐकू येतो मला. दोन वर्षं मी रोज त्यांचा श्वासच ऐकते आहे." मागे तव्यावर काहीतरी चरचरत होतं. "नाना, तुम्ही माझ्यावर रागावला आहात का? मी घरूनच काम करते आहे आज. वेळ आहे मला. बोला ना."

प्रत्येक 'आहे'ला नानांची मान एकेक सूत खाली जात होती. मी फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. विजेच्या तारेला बोट लावणारा तो माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता.

"नाना?" हर्षा म्हणाली. आवाज ओला झाला होता. "बरं. ठीक आहे. मी ठेव—"

तिकडे काहीतरी धाडकन पडलं. झाकण असावं, गरगरत लांब गेलं. आणि बंगळुरातल्या नवव्या मजल्यावरून, सगळं ऑफिस, सगळं इंजिनिअरिंग झुगारून, उंबऱ्याबाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या पोरीची किंकाळी आमच्या अर्ध्या शटरखाली घुमली:

"माय वं! नाना, आठे पाल शे!"