नुसते एकत्र बसलेले

समुदाय आपोआप होत नाही. तो घडवावा लागतो, आणि घडवल्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो. मनुष्यजातीला हे कळायला फार वेळ लागला. त्या विद्यापीठाला मात्र ते एका सोमवारी, सव्वाअकरा वाजता, परिपत्रकानं कळलं.

प्रत्येक विषयाचा 'संमिश्र अध्ययन समुदाय' उभारायचा होता: निम्मं शिक्षण वर्गात, निम्मं संगणकावर आणि उरलेलं आपुलकीतून. (दोन निम्म्यांनंतर काय उरतं, असं विचारणाऱ्या प्राध्यापकांना आपुलकी उपसमितीवर घेण्यात आलं.)

संख्याशास्त्राचा समुदाय सरासरीबाईंच्या गळ्यात पडला. बाई अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होत्या, गेली सहा वर्षं. सहभाग ऐंशी टक्क्यांवर गेला तर कंत्राट पुढे, नाहीतर बाई घरी. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "झालीस का गं पर्मनंट?" आजारी माणसाला ताप उतरला का विचारतात, त्या सुरात.

अडचण एवढीच, की इमारतीत नेटवर्क एकाच जागी यायचं: दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या वळणावर, तेही खिडकीला पाठ टेकली तर. त्यामुळे दुपारी दोनला वर्गातली चौतीसच्या चौतीस मुलं-मुली पायऱ्यांवर. एकीचा फोन चालायचा, बाकीचे त्यात डोकं घालायचे. समजावून सांगायचे 'आजोबा'. आजोबा म्हणजे या विषयात तीनदा नापास झालेला विद्यार्थी. कुठेकुठे चुकता येतं, हे त्याच्याइतकं प्राध्यापकांनाही ठाऊक नव्हतं.

"अगं, आधी वर्ग कर, मग बेरीज! उलटं करण्यात माझी दोन वर्षं गेलीत."

"आजोबा, परत सांगा ना."

"घ्या ऐकून. फुकट आहे तोवर."

बाई वरच्या पायरीवर डबा खात ऐकायच्या. एकदा तर त्यांनाही नवीन काही कळलं. (याची नोंद नाही.)

नोंद होती ती अशी: सदस्य चौतीस, लॉगिन एक, सहभाग २.९ टक्के.

मग विद्यापीठाची समिती पाहणीला आली. अध्यक्षांनी धापा टाकत विचारलं, "ही गर्दी कसली?"

"शिकताहेत, सर."

"ते दिसतंय हो मला. समुदाय कुठाय?"

बाईंनी पायऱ्यांकडे हात केला. अध्यक्षांना बाईंची कीव आली. "बाई, हे नुसते एकत्र बसलेत."

पंधरा दिवसांत वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांत नेटवर्क आलं आणि जिन्यावर बसायला बंदी झाली (आग लागल्यास शिक्षणाचा अडथळा होतो). मुलं आपापल्या खोलीत गेली, दारं लागली आणि सहभाग सत्त्याण्णव टक्के झाला. रोज प्रत्येकानं दोन प्रतिक्रिया देणं सक्तीचं असल्यानं 'छान मुद्दा' हे शब्द एका सत्रात चार हजार एकशे बारा वेळा लिहिले गेले. पैकी तेहतीस वेळा पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेखाली. उत्तीर्णांचं प्रमाण एकाहत्तर टक्क्यांवरून अडतीसवर आलं. अहवालात याचा उल्लेख 'सदस्य समुदायात अधिक काळ टिकू लागले' असा आहे.

आजोबांचं लॉगिन तीन वर्षांनी आपोआप बंद झालं होतं, म्हणून ते समुदायात नव्हते. त्यांनी बाईंना रिकाम्या जिन्यातच गाठलं.

"बाई, मला आता सगळं येतं. पण सांगू कुणाला? वर लिहा ना तुम्ही. तुमचं ऐकतील."

बाईंच्या हातात समुदायाच्या अहवालाचा शेवटचा फॉर्म होता. पाचच्या आत द्यायचा. त्यात एक रकाना होता: 'अडचणी'. फॉर्मला कंत्राटाच्या नूतनीकरणाचं पत्र टाचलेलं होतं, फक्त सही बाकी. बाईंनी आजोबांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, फॉर्म कठड्यावर ठेवला आणि रकान्यात लिहिलं: 'निरंक'.

लिहायला फार सोपा शब्द. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुमच्या ऑफिसच्या मागच्या फॉर्ममधला हाच रकाना आम्ही पाहिलाय. अक्षर सुरेख आहे तुमचं.